पाण्याला न विचारता

आमच्या वाडीत कुणाचा नवरा कुठे कामाला आहे, हे एका शब्दात सांगायची रीत आहे. मुंबईला, दुबईला, बोटीवर. झालं, पुढे कुणी काही विचारत नाही. माझी मात्र पंचाईत झाली होती. मी सांगायचे, जॉर्डनला, एका पडक्या चर्चवर. बायका आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. एकीने तर सरळ म्हणून टाकलं की पडकी घरं बघायला एवढं समुद्रापलीकडे कशाला जायला हवं, आपल्या वाडीत काय कमी आहेत? तिचं खोटं नव्हतं. आमच्याकडे अर्ध्या घरांना कुलपं आणि उरलेल्यांतून आमच्यासारख्या एकेकट्या बायका.

आमचे हे गवंडी. पालीवरून आत फाटा फुटतो तिकडचं आमचं गाव, आणि जांभ्याचा चिरा हाताने तासावा तर यांनीच, असं तिथले लोक म्हणायचे. मी अंगणवाडीत पोरं सांभाळते. मशीनने कापलेला चिरा आला तशी यांच्या हाताची किंमत गेली आणि हे आखातात गेले. तिथे उंच इमारतींना लाद्या चिकटवायचं काम. मन रमत नव्हतं, फोनवर आवाजावरून कळायचं. मग त्यांच्या कंपनीने जॉर्डनमधलं ते काम घेतलं. माळावर उकरून काढलेलं जुनं चर्च, त्याच्यावर पत्र्याचं छप्पर घालायचं. खोदकाम बघणारी जी परदेशी बाई होती, वयाने माझ्या आईएवढी, तिने यांना एकदा दुपारच्या सुट्टीत ढासळलेला एक दगड उगाच हाताने तासून बसवताना पाहिलं. झालं. छपराचं काम संपलं तरी भिंती सांधायला म्हणून तिने यांना ठेवून घेतलं. त्या दिवशी फोनवर हे जसे हसले तसं हसणं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ऐकलं होतं.

संध्याकाळी मी चुलीपुढे असायचे तेव्हा तिथे उन्हं कलायची वेळ. हे फोन हातात धरून मला ते चर्च फिरवून दाखवायचे. दीड हजार वर्षांपूर्वीचं, बायझंटाईन राजाच्या काळातलं, हा शब्द म्हणायला मला महिना लागला. तर त्यात खांबांच्या दोन रांगा, खांब बहुतेक आडवे झालेले. पूर्वेकडे भिंत गोल वळलेली, तिथे त्यांचा गाभारा. बाजूच्या खोलीत जमिनीत क्रूसाच्या आकाराचा हौद, उतरायला पायऱ्या. त्यात उतरून माणूस ख्रिश्चन होऊन वर यायचा म्हणे. मागे साधूंच्या खोल्या, द्राक्षं तुडवायची कुंडी, आणि अंगणाखाली खडकात खोदलेलं भलंमोठं टाकं. छपरावरचं पावसाचं पाणी दगडी पाटांनी त्या टाक्यात जायचं. आजूबाजूच्या गावातल्या लोकांनी तिथले नक्षीचे दगड उचलून बकऱ्यांच्या कोंडवाड्याला लावलेले. हे म्हणाले, आपल्या गडग्यात, दगडी कुंपणात, नाही का जुने वीरगळ सापडत, तसंच ते.

पण खरी वस्तू म्हणजे ती फरशी. नखाएवढे रंगीत दगड शेजारी शेजारी बसवून केलेली. द्राक्षाचा वेल, वेलाच्या प्रत्येक गोलात एकेक जनावर. मासे, टोपलीत अंजिरं. मध्ये मोर. आमच्या सड्यावर, डोंगरावरच्या माळावर, कातळात कुणी कधी खोदलेले हत्ती-मासे आहेत, लहानपणी हे त्यांच्यावरून गुरं न्यायचे. ते यांनी कधी मला हौसेने दाखवले नाहीत. त्या मोराचं मात्र विचारू नका. पिसाऱ्यातला निळा कुठे फिका होतो, मानेजवळ कारागिराने दगड तिरके का लावले, सगळं. माणसांची तोंडं होती ती, पुढे चित्रांत माणसं चालेनाशी झाली तेव्हा, कुणीतरी काढून टाकलेली होती. पण काढणाऱ्याने खड्डा ठेवला नव्हता. तेच दगड विस्कटून पुन्हा सपाट बसवले होते, हात फिरवला तर कळू नये असे. यांना त्या माणसाचं फार कौतुक. म्हणायचे, मोडायचं होतं त्याला, पण फरशी त्याने जपली.

एका कोपऱ्यात अक्षरं होती. बाईने वाचून यांना सांगितलं की कुणा बाईने मेलेल्या नवऱ्याच्या नावाने तेवढी फरशी घातली. मी म्हटलं, जिवंत नवऱ्याच्या नावाने काय घालतात तेही विचारून ठेवा. हे हसले आणि म्हणाले, परत आलो की आपल्या पडवीत घालतो तुझ्या नावाने, मोरासकट. मी ते खरं धरलं होतं, कशाला खोटं सांगू? पडवीतली सारवण मी दोन वर्षं त्याच हिशोबाने तशीच ठेवली.

तिथे पाणी टँकरने यायचं. हे आणि एक म्हातारा राखणदार, तिथलाच, असे दोघे त्या माळावर राहायचे. आठवड्याचं पाणी एका टाकीत. म्हातारा नमाजाआधी हातपाय धुवायचा ते आपण चूळ भरून टाकतो तेवढ्या पाण्यात, असं हे सांगायचे. एकदा यांनी सवयीने भांडं विसळून पाणी बाहेर भिरकावलं. म्हातारा त्या ओल्या डागाकडे तो सुकेपर्यंत बघत बसला. त्यानंतर हे तसं कधी करेनात.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. आमचं घर डोंगराच्या पायाशी. आगोटीला, म्हणजे पावसाच्या आधी, घराच्या वरच्या अंगाला चर मारायचा, डोंगराचं पाणी बाजूने पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरवायचं. हे सगळेच करतात. पण आमच्या सासऱ्यांचा एक नेम होता. चर खणून झाला की सून घागर घेऊन यायची, घरातल्या कर्त्या पुरुषाने ती चराच्या तोंडाशी ओतायची आणि पाणी कुठे जातं ते शेवटपर्यंत बघायचं. डोळ्याला उतार दिसतो तो खरा नव्हे, असं ते म्हणायचे. पाण्याला विचारल्याशिवाय चर पुरा नाही. हे परदेशात असताना गडी लावून मी चर मारून घ्यायचे, आणि मे महिन्यात यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, घागर ओतलीस काय? मग मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने पाणी ओतायचे. तिकडे हे डोळे फाडून बघायचे, जसं काही सिनेमा लागला आहे.

ज्या वर्षाचं मी सांगते त्या वर्षी खोदकामाचा हंगाम संपला आणि बाई आपल्या देशात गेली. जाताना तिने सांगितलं होतं की फरशीवर जाड पांढरं कापड अंथरा, वर वाळू पसरा आणि राखण करा. तिथे पाऊस थंडीत पडतो, तोही चिमूटभर. यांनी कापड अंथरलं, वाळू पसरली. आणि मग यांचे हात शिवशिवायला लागले. पाऊस येणार आणि चर नाही, हे कोकणातल्या माणसाच्या गळी उतरतच नाही. किती वर्षं स्वतःच्या घराला चर मारला नव्हता बिचाऱ्याने. यांनी दक्षिणेच्या अंगाला, जिथे जमीन जरा उचललेली वाटत होती तिथे, चर्चच्या कडेने सुबक चर मारला. त्या संध्याकाळी फोनवर मला दाखवला. दोरी लावल्यासारखा सरळ. हे इतके खूश होते की जेवलेसुद्धा नव्हते.

पुढे काही दिवसांनी फोन बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना डाव तसाच धरून उभी राहायचे, पोरं ताई ताई करून ओढायची. शेवटी फोन आला. नेहमी हे फोन खाली धरायचे, फरशी दाखवायला. त्या दिवशी फोन वर धरला होता. नुसतं आभाळ दिसत होतं, स्वच्छ, एक ढग नाही. मी विचारलं, अहो, बरे आहात ना? म्हणाले, बरा आहे. पाणी शिरलं, फरशी गेली. मी आणखी विचारलं तर म्हणाले, रेंज नाही.

शिमग्याच्या आधी हे घरी आले. कामावरून कुणी काढून टाकलं नव्हतं. बाई धावत परत आली होती, तिने ट्रेमध्ये दगड वेचले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की असं होतं, तुझा दोष नाही. कंपनीचा करार तसाही संपलाच होता. एवढं यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर माणूस मोकळा झाला असता, असं मला आता वाटतं. शिमग्यात पालखी दारात आली, हे पाया पडले, खांद्यावर घ्यायला मात्र पुढे झाले नाहीत. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याने यांच्या नावाने बरकत मागितली तेव्हा हे उठून मागीलदारी गेले. थापी, ओळंबा, फावडं, कुदळ, सगळं खोपीत टांगून ठेवलं होतं. कुणी भिंतीचं काम घेऊन आलं की हे म्हणायचे, आता जमत नाही.

मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सुरुवातीला गप्प राहिले. मग बोलायला लागले. दीड हजार वर्षांची फरशी गेली, वाईट झालं, पण आपलं घर उभं आहे ना? इथली माणसं जिवंत आहेत ना? हे ऐकून घ्यायचे. भांडले असते तर मला आवडलं असतं.

मे लागला आणि मला खरी भीती वाटायला लागली. मागच्या पावसात शेजारच्या वाडीत डोंगर खाली आला होता. गोठा गेला, दोन म्हशी गेल्या, माणसं थोडक्यात वाचली. आमच्या मागची मातीही तशीच, लाल, भुसभुशीत, आणि गेल्या वर्षीचा चर वाळक्या पानांच्या पातेऱ्याने आणि मातीने बुजलेला. पहिल्या मोठ्या पाण्यात मागची भिंत बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू. चार दिवसांनी पुन्हा सांगितलं. म्हणाले, यंदा नको. आता यंदा नको म्हणजे काय? पाऊस काय आमची वाट बघत थांबणार होता? मी गडी सांगितला. तो कुदळ खांद्यावर टाकून येत होता, त्याला यांनी वाटेतूनच परत पाठवलं. गडी मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, वहिनी, मालक म्हणाले की चर मारून घरं वाचत नाहीत. मला वाटलं, या माणसाला घर पडायलाच हवं आहे.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती. मी खोपीतून कुदळ काढली, पदर खोचला आणि मागे गेले. आमच्याकडे बायका शेतात मरेस्तोवर राबतात, पण चर पुरुषाने मारायचा अशी समजूत. गेली खड्ड्यात समजूत. वरची माती सुकून कातळासारखी झालेली. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या आणि माती उडायची चिमूटभर. मी रडत होते, शिव्या घालत होते, यांना, त्या चर्चला, त्या मोराला, त्या बाईला, सगळ्यांना. फरशीने माझा नवरा खाल्ला, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकू जावं म्हणूनच म्हणाले.

हे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. मी खणते आहे ते बघत होते. मग जवळ आले आणि माझ्या हातातून कुदळ काढून घेतली. आधी वर चढून डोंगराच्या अंगाला गेले, उकिडवे बसले, पाण्याच्या जुन्या खुणा कुठे दिसतात ते पाहिलं, पातेरा हाताने सारला. मी मारलेला चर यांनी तसाच सोडून दिला आणि हातभर वरून नवा धरला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं तरी थांबले नाहीत. फावड्याने माती ओढून मी बाजूला टाकत होते. यांच्या पाठीवर घाम आला, तो बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी मनात म्हटलं, सुटला माझा माणूस. संध्याकाळी वडे करायचे असंही ठरवून टाकलं.

चर गडग्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचला तिथे पऱ्याकडे तोंड काढून हे उभे राहिले. मी म्हटलं, झालं एकदाचं. हे म्हणाले, "झालं नाही. घागर आण."

मे महिन्याच्या शेवटी आमच्या विहिरीला पाणी नसतं म्हटलं तरी चालेल. तळाला झरा ठिबकतो, बायका नंबर लावून वाटीने घागर भरतात. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी होता. घरात प्यायची एक घागर तेवढी भरलेली होती, ओल्या फडक्याने झाकलेली. मी यांना हे सांगितलं. सांगताना म्हटलं की उद्या ओतू, चर कुठे पळून जातो आहे?

हे मातीच्या ढिगावर बसले. कुदळीच्या दांड्यावर हात, हातावर कपाळ. मग बोलायला लागले. जेवढं बोलले ते सगळं इथे देते, कारण त्यानंतर त्या गोष्टीवर हे कधी बोलले नाहीत.

"तिथे घागर ओतली नाही मी. मनात आलं होतं. पण पाणी टाकीच्या तळाला होतं आणि म्हातारा बघत होता. त्याच्या तोंडचं पाणी जमिनीवर कसं ओतू गो?"

हे म्हणाले, "उत्तरेला चर्च बांधणाऱ्यांचा जुना दगडी पाट होता. मातीने बुजलेला. मला वाटलं, उतार तर इकडून आहे, मग त्यांनी पाट तिकडे कशाला घातला? चुकले असतील. मी असं म्हटलं, अगो. दीड हजार वर्षं ज्यांचं टिकलं ते चुकले असतील, असं मी म्हटलं."

पाऊस तिथे पडलाच नव्हता. लांब डोंगरात कुठेतरी पडला, आणि माळावर लख्ख ऊन असताना उत्तरेकडून पाणी आलं. पाट बुजलेला, त्यामुळे ते पसरलं. पसरून बाजूने निघून गेलं असतं, पण यांच्या चरात सापडलं. आणि त्या चराला उतार होता तो बाहेर नव्हे, आत. डोळ्याला दिसत नव्हता. चराने सगळं पाणी गोळा करून नीट, शिस्तीत, गाभाऱ्याच्या बाजूने फरशीवर आणून सोडलं. वाळू गेली, कापड गेलं, खालची माती गेली. हे आणि म्हातारा पाण्यात उभे राहून हातांनी चर बुजवत होते. मोराचा भाग सगळ्यात आधी खचला.

"एक घागर," हे म्हणाले. "एक घागर ओतली असती तर पाण्याने सांगितलं असतं."

मी उठले. घरात गेले. फडकं काढलं आणि घागर उचलून आणली. रात्री प्यायला म्हणून अर्धी घरात काढून ठेवावी असं क्षणभर मनात आलं, पण नाही ठेवली. यांच्या हातात दिली. यांनी ती दोन्ही हातांनी धरली, चराच्या तोंडाशी गेले आणि हळूहळू ओतली, मूल न्हाऊ घालताना ओततात तशी. सुकलेल्या मातीने आधी बरंचसं पिऊन टाकलं. मग एक बारीक धार पुढे सरकली, वळणावर थोडी थांबली, पातेऱ्याचं एक पान घेऊन पुन्हा निघाली. हे तिच्या बाजूने चालत गेले, वाकून, एकेक पाऊल. मागची भिंत कोरडी राहिली. धार गडग्याच्या कोपऱ्यावरून खाली पऱ्यात उतरली.

मी म्हटलं, बघा, बरोबर गेलं.

हे ओल्या मातीकडे बघत होते. यांच्या तोंडावर मला हवं होतं तसलं काहीच नव्हतं. घर वाचलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

"इथे बरोबर गेलं," हे म्हणाले.

त्यांनी कुदळ धुतली नाही, कारण पाणी नव्हतं. माती झटकून खोपीत नेऊन टांगली. पडवी अजून सारवणीचीच आहे. मी आता तिचं काही काढत नाही.